फोन घरी किती वाजता येतो?

परवा एका ऑनलाईन कोर्सच्या बैठकीला गेलो होतो. पहिल्या अर्ध्या तासात लोगो ठरला, व्हिडिओ सात मिनिटांचा की दहा, यावर वाद झाला. मुलं कुठली, हा विषय निघायला चहा यावा लागला.

हसणार नाही मी. २०२० मध्ये मीही हेच केलंय. मार्चमध्ये शाळा बंद झाली. जूनमध्ये घरोघरी फोन लावून विचारलं, "स्मार्टफोन आहे का?" तिसरीच्या बहुतेक घरांतून "आहे की सर" आलं. मी खूश. रात्र घालवून भागाकाराचा व्हिडिओ केला आणि सकाळी अकराला ग्रुपवर टाकला. पाहिला चौघांनी, त्यातले दोन माझेच सहकारी.

मग एका मुलीच्या आईनं सांगितलं, "फोन हिच्या पप्पांच्या खिशात असतो, सर. ते आठला येतात. मग आधी दादा घेतो, त्याची दहावी आहे." हिच्या हातात फोन येईपर्यंत दीड जीबी संपलेला आणि पोरगी पेंगुळलेली.

म्हणजे माझा प्रश्नच चुकला होता. पुन्हा फोन लावले. फोन घरी कधी येतो, रिचार्ज कितीचा मारता, आणि मुलाला फोनवर दोन-तीन गणितं. ५२ वजा २७ विचारलं, तर किती जणांनी ठसक्यात ३५ सांगितलं! सातातून दोन काढून मोकळे. यांना मी भागाकार शिकवायला निघालो होतो.

पुढे रात्री साडेआठला दीड-दोन मिनिटांचा आवाजी मेसेज टाकू लागलो: काड्यांचा दहाचा गठ्ठा सोडा, आता मोजा. व्हिडिओपेक्षा हे चाललं. जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका आली, टीव्ही असलेल्यांची तेवढी सोय झाली. (लाईट असेल तर.) दीक्षा हे सरकारचं अभ्यासाचं अ‍ॅपही होतं, पण फोनची मेमरी लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली.

दिवाळीच्या सुमारास काही घरं ऊसतोडीला गेली, ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परत येणार नव्हती. "कारखान्यावर कधी जाणार?" हा रकाना मी आजवर एकाही फॉर्ममध्ये पाहिलेला नाही.

बैठकीत हे सगळं सांगितलं. म्हटलं, दोन दिवस द्या, दहा घरी जाऊन बसू. सगळ्यांना पटलं. मग ठरलं की कोणाकडे फोन नाही ते गूगल फॉर्म पाठवून विचारून घेऊ.