चिलखताची जाडी आणि दारूकोठाराची दारे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

युद्धनौकांविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. लेखातील गोष्टी खऱ्या असल्या तरी किरकोळ आहेत, हा आपला मुख्य आक्षेप आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि जर्मन नौदलांत झालेल्या जटलंडच्या लढाईत ब्रिटिश बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांच्या, वेगासाठी चिलखत पातळ ठेवलेल्या युद्धनौका) पातळ चिलखतामुळे फुटल्या हे सर्वमान्य असताना मी दारूकोठारांच्या (तोफांची दारू साठवण्याच्या खोल्यांच्या) उघड्या दारांविषयी का लिहिले, स्वीडनची वासा ही युद्धनौका राजाच्या हट्टापायी बुडाली असताना मोजपट्ट्यांची चर्चा कशासाठी केली, ड्रेडनॉटसारख्या युगप्रवर्तक नौकेने पाणबुडीला धडक दिल्याच्या हकिकतीला एवढी जागा का दिली, आणि दुसऱ्या महायुद्धात बिस्मार्क या जर्मन बॅटलशिपवर हल्ला करणारी ब्रिटिश स्वोर्डफिश विमाने इतकी संथ होती की तिच्या तोफांना ती टिपताच आली नाहीत, ही प्रसिद्ध गोष्ट मात्र का गाळली, असे आपण विचारले आहे. ‘जहाजाचे भवितव्य तोफांचा व्यास, चिलखताची जाडी आणि वेग या तीन गोष्टींनी ठरते, बाकी सारे चुटके’ हे आपले वाक्य या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी आहे आणि माझा मतभेद नेमका त्या वाक्याशी आहे.

जटलंडपासूनच सुरुवात करतो, कारण आपला सर्वांत ठाम दावा तेथलाच आहे. 31 मे 1916 रोजी इनडिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इनव्हिन्सिबल या तीन बॅटलक्रूझर काही तासांच्या अवधीत स्फोट होऊन बुडाल्या आणि त्यांच्यासोबत सुमारे 3,300 माणसे गेली. या नौकांचे चिलखत त्यांच्या जर्मन प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने पातळ होते, यात वाद नाही. जर्मन गोळे आत शिरले यात त्या पातळपणाचा वाटा होता, हेही मला मान्य आहे. परंतु गोळा आत शिरणे आणि अख्खी नौका क्षणात नष्ट होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीचे स्पष्टीकरण देऊन दुसरीचे स्पष्टीकरण दिल्यासारखे वाटते, पण तसे ते होत नाही.

याची कसोटी त्याच लढाईत लागलेली आहे. लायन आणि क्वीन मेरी या नौका जवळजवळ एकाच आराखड्यावर बांधलेल्या होत्या आणि दोघींच्याही कमरपट्ट्याचे, म्हणजे बाजूंवरील मुख्य पट्ट्याचे, चिलखत 9 इंचांचे होते. लढाई सुरू झाल्यावर थोड्याच वेळात ल्युत्सो या जर्मन नौकेचा एक गोळा लायनच्या मधल्या, ‘क्यू’ नावाच्या टरेटमध्ये (तोफांच्या फिरत्या चिलखती घुमटात) शिरून फुटला आणि टरेटमधील बहुतेक सर्व जण तत्काळ ठार झाले. प्राणघातक जखमी झालेले मेजर फ्रान्सिस हार्वी यांनी खालचे दारूकोठार बंद करून त्यात पाणी सोडण्याचा आदेश दिला. पुढे धुमसणारी आग कॉर्डाइटच्या, म्हणजे गोळा फेकणाऱ्या दारूच्या, पिशव्यांपर्यंत पोहोचली, ज्वाळा खालच्या मजल्यांपर्यंत गेल्या आणि तेथली माणसे जागच्या जागी गेली. कोठार मात्र बंद होते, म्हणून लायन वाचली. हार्वी यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान देण्यात आला. त्याच दुपारी क्वीन मेरी पुढच्या कोठारांच्या स्फोटाने दुभंगली आणि तिच्यावरील 1,266 माणसे मृत्युमुखी पडली. चिलखत सारखेच असताना एक नौका बंदरात परतते आणि दुसरी समुद्रतळाशी जाते, तेव्हा फरक चिलखतापलीकडे शोधावा लागतो.

तो फरक रोजच्या शिस्तीत सापडतो. ब्रिटिश बॅटलक्रूझरवर तोफा भराभर डागण्याला अतोनात महत्त्व आले होते. कॉर्डाइटच्या रेशमी पिशव्या वर पोहोचायला क्षणाचाही उशीर होऊ नये म्हणून कोठारांची दारे उघडी ठेवली जात आणि संरक्षक डब्यांतून काढलेल्या पिशव्या दाराबाहेर, टरेटखालच्या खोल्यांत रचल्या जात. ठिणगी लगेच पकडता यावी म्हणून या पिशव्यांच्या टोकांना काळी दारू लावलेली असे. टरेटमध्ये पेटलेली ज्वाळा कोठारापर्यंत नेणारी वाट अशा रीतीने माणसांनीच तयार करून ठेवली होती. लायनवर आधीच्या वर्षी रुजू झालेले गनर (तोफा आणि दारूगोळा सांभाळणारे अधिकारी) अलेक्झांडर ग्रँट यांनी ही पद्धत बदलून, लागतील तेवढ्याच पिशव्या बाहेर काढण्याची सक्ती केली होती. त्या एका अधिकाऱ्याच्या काटेकोरपणाचा लायनच्या बचावात मोठा वाटा आहे, असे माझे मत आहे. आपण ज्याला चुटका म्हणता तो हाच मजकूर आहे.

जर्मन बाजूकडे पाहिले तर हे अधिकच स्पष्ट होते. 24 जानेवारी 1915 रोजी उत्तर समुद्रातील डॉगर बँकच्या लढाईत सायडलिट्स या जर्मन नौकेच्या मागच्या टरेटवर लायनचा गोळा आदळला, आतील दारू पेटली, ज्वाळा शेजारच्या टरेटमध्येही पसरल्या आणि दोन्ही टरेट मिळून दीडशेहून अधिक माणसे जळून मेली. सायडलिट्सच्या मुख्य पट्ट्याचे चिलखत लायनपेक्षा जाड होते, तरीही हे घडले. तापून लाल झालेल्या झडपा फिरवून कोठारात पाणी सोडणाऱ्या विल्हेल्म हाइडकाम्प याच्यामुळे नौका वाचली आणि ती वाचल्यामुळेच जर्मनांना त्या आगीपासून धडा घेता आला. एका वेळी उघड्यावर ठेवायच्या भरण्यांची (तोफेत भरायच्या दारूच्या मात्रांची) संख्या त्यांनी कमी केली. त्यांची मुख्य भरणी पितळी नळकांड्यात असे, याचाही त्यांना आधार होता. जटलंडमध्ये डर्फलिंगर या जर्मन नौकेचे मागचे दोन्ही टरेट जळून खाक झाले, तरी ती फुटली नाही. सायडलिट्सवर तर वीसहून अधिक मोठे गोळे आणि एक टॉर्पेडो आदळला, तिच्यात हजारो टन पाणी शिरले, आणि ती नाळ, म्हणजे पुढचे टोक, बुडालेल्या अवस्थेत का होईना, घरी पोहोचली. ब्रिटिशांना डॉगर बँकच्या वेळी सायडलिट्सच्या पोटात काय घडले होते याची कल्पना नव्हती. त्यांनी त्या लढाईतून काढलेला निष्कर्ष उलटाच होता, तो म्हणजे आणखी जलद मारा करायला हवा.

यावरही आपले समाधान होत नसेल तर शत्रूच्या गोळ्याशिवाय फुटलेल्या नौकांकडे पाहावे. ब्रिटिश बॅटलशिप बुलवर्क 26 नोव्हेंबर 1914 रोजी मेडवे नदीत नांगरलेली असताना स्फोटाने नष्ट झाली आणि सातशेहून अधिक माणसे गेली. तशीच व्हॅनगार्ड 9 जुलै 1917 रोजी स्कॅपा फ्लो या ब्रिटिश नौदलतळावर नांगरावरच फुटली आणि आठशेहून अधिक माणसे गेली. या दोन्ही ठिकाणी कोणताही गोळा चिलखत भेदून आत आलेला नव्हता.

तरीही ‘पातळ चिलखत’ हे उत्तर सर्वमान्य का झाले, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. चिलखताला दोष दिला की दोष आराखड्यावर जातो. दारांना दोष दिला की तो अधिकाऱ्यांवर, सरावाच्या पद्धतीवर आणि मेलेल्या खलाशांच्या वागण्यावर येतो, आणि शोकाकुल नौदलाला तो स्वीकारणे जड जाते. जटलंडनंतर ब्रिटिशांनी ज्वाळा रोखण्याचे उपाय कसोशीने अमलात आणले, पण लोकांच्या मनात ठसले ते चिलखत. नुकत्याच बांधणीला घेतलेल्या हूड या बॅटलक्रूझरचा आराखडा बदलून तिच्यावर सुमारे 5,000 टन जादा चिलखत चढवण्यात आले. त्या वजनाने ती पाण्यात खोल बसू लागली आणि खवळलेल्या समुद्रात तिचे मागचे डेक सतत पाण्याखाली जात असे. 24 मे 1941 रोजी बिस्मार्कशी झालेल्या लढतीत ती फुटली आणि 1,418 पैकी फक्त तीन जण वाचले. जाडीच्या आकड्यात सुरक्षितता शोधणाऱ्या विचारपद्धतीची ही पुढची कडी आहे आणि म्हणूनच मी त्या आकड्यांपाशी थांबायला तयार नाही.

वासाविषयी आपण म्हणता ते अर्धे खरे आहे. राजा गुस्टाव्ह आडोल्फ घाई करत होता आणि जास्त तोफांची, भव्य नौका त्याला हवी होती. पण 10 ऑगस्ट 1628 रोजी वासा स्टॉकहोमच्या बंदरात सुमारे 1,300 मीटर जाऊन कलंडली, त्या वेळी राजा देशात नव्हता. जे देशात होते त्यांनी आधीच एक चाचणी घेतली होती. डेकवरून तीस माणसांना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पळवण्यात आले आणि तिसऱ्या फेरीनंतर ही चाचणी थांबवावी लागली, कारण आणखी फेऱ्या झाल्या असत्या तर नौका धक्क्यालाच उलटली असती. ॲडमिरल क्लास फ्लेमिंग तेथे हजर होते. नौकेचा वरचा भाग अनावश्यक जड बांधला गेला आहे, हे सर्वांना दिसले होते, आणि तरीही ती निघाली, तोफांच्या खालच्या रांगेच्या झडपा सलामीसाठी उघड्या ठेवून. वाऱ्याची एक झुळूक आली, खालच्या झडपांतून पाणी शिरले आणि खेळ संपला. चौकशीत कोणालाही शिक्षा झाली नाही, कारण मोजमापे राजाने मंजूर केलेली होती आणि मुख्य कारागीर हेनरिक हिबर्टसन आदल्या वर्षीच वारला होता. अनेकांना माहीत असलेली गोष्ट कोणीही ठामपणे बोलून दाखवत नाही, ही घटना मला राजाच्या हट्टापेक्षा अधिक बोलकी वाटते.

मोजपट्ट्यांचे म्हणाल तर त्या नौकेवर चार सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, 12 इंचांच्या. दोन ॲमस्टरडॅमच्या, 11 इंचांच्या. त्यांच्यामुळे वासा बुडाली असे मी म्हटलेले नाही. ती बुडाली गुरुत्वमध्य फार उंच असल्यामुळे. परंतु तिची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नाही, आणि कागदावरील आराखड्याशिवाय, वेगवेगळ्या परंपरांच्या सुतारांनी आपापल्या अंदाजाने एवढे मोठे काम कसे केले, हे त्या चार पट्ट्या जितक्या स्पष्टपणे सांगतात तितके दुसरे काहीही सांगत नाही. स्थिरतेचे गणित अजून कोणाला येत नव्हते, अनुभवच काय तो होता, आणि तोफांच्या दोन मजल्यांच्या नौकेचा अनुभव त्या गोदीत तोकडा होता.

ड्रेडनॉटविषयी मी थोडक्यातच लिहितो. दहा 12 इंची तोफा, वाफेची टर्बाइन आणि 21 नॉटचा वेग यांमुळे 1906 साली तिने साऱ्या जगाच्या युद्धनौका जुन्या ठरवल्या, हे माझ्या लेखात होतेच. पुढे ही नौका जटलंडला हजर नव्हती आणि शत्रूच्या एकाही बॅटलशिपशी तिची लढत झाली नाही. 18 मार्च 1915 रोजी तिने पेंटलंड फर्थमध्ये यू-29 या पाणबुडीला धडक देऊन बुडवले. त्या पाणबुडीचा कप्तान ओट्टो वेडिगेन होता, ज्याने आदल्या सप्टेंबरमध्ये यू-9 मधून अबूकिर, हॉग आणि क्रेसी या तीन क्रूझर एकाच सकाळी बुडवून 1,459 माणसांचा बळी घेतला होता. बॅटलशिपशी लढण्यासाठी बांधलेल्या सर्वांत प्रसिद्ध बॅटलशिपच्या वाट्याला नांगराच्या फाळासारखी नाळ वापरून एक पाणबुडी चिरडण्याचेच काम यावे, यावरून त्या दहा वर्षांत समुद्रावरचा धोका कोठून कोठे सरकला होता ते कळते. ही हकिकत बाजूची नाही.

‘सर्वांत जुनी युद्धनौका’ या मथळ्याखाली मी व्हिक्टरी आणि कॉन्स्टिट्यूशन अशी दोन नावे दिल्याचा विसंगती म्हणून आपण उल्लेख केला आहे. 1765 साली पाण्यात उतरलेली व्हिक्टरी आजही ब्रिटिश नौदलाच्या सेवेत गणली जाते, पण 1922 पासून ती सुक्या गोदीत आहे. 1797 ची अमेरिकन कॉन्स्टिट्यूशन मात्र अजून पाण्यावर तरंगते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

शेवटी स्वोर्डफिशची गोष्ट. ती मी जाणूनबुजून वगळली. 26 मे 1941 च्या संध्याकाळच्या हल्ल्यात एकही स्वोर्डफिश पाडले गेले नाही, हे खरे आहे. परंतु परतलेल्या काही विमानांना गोळ्यांची भोके पडलेली होती, त्यामुळे बिस्मार्कच्या तोफांना ती टिपताच येत नव्हती असे म्हणता येत नाही. खवळलेला समुद्र, खाली उतरलेले ढग आणि मावळता उजेड ही कारणे मला अधिक वजनदार वाटतात. त्याऐवजी मी त्याच दुपारची चूक सांगितली. आर्क रॉयल या ब्रिटिश विमानवाहू नौकेवरून निघालेल्या पहिल्या तुकडीने बिस्मार्क समजून आपल्याच शेफील्ड या क्रूझरवर टॉर्पेडो सोडले, कारण शेफील्ड पाठलागासाठी पुढे गेल्याचे वैमानिकांना कळवलेच गेले नव्हते. चुंबकीय स्फोटकळ (जहाजाच्या लोखंडाच्या प्रभावाने स्फोट घडवणारी कळ) लावलेले काही टॉर्पेडो पाण्यावर आदळताच फुटले आणि बाकीचे शेफील्डने वळणे घेत चुकवले. या अपयशामुळे संध्याकाळच्या 15 विमानांच्या टॉर्पेडोंना आघाताने फुटणारी स्फोटकळ बसवण्यात आली, आणि त्यांपैकी एकाने बिस्मार्कचे सुकाणू वळलेल्या स्थितीत अडकवून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुडाली. तिच्या तोफांचा व्यास, चिलखताची जाडी आणि वेग आदल्या दुपारी होता तेवढाच होता.

आपला,
लेखक