नवी आवृत्ती आली? आधी चिडून घ्या

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती उतरवून घेतली तरी लगेच उघडू नका. उघडली की वापरून बघावीशी वाटते, आणि वापरून बघितली की मत बनायला वेळ लागतो. मत आधी तयार हवं. नव्या रूपाचं एखादं चित्र फोनवर आलेलं असतंच. ते दोन बोटांनी मोठं करा, चिन्हं करडी झाल्याची खात्री करा आणि शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात म्हणा, ‘वाटोळं केलं सगळं!’

हा सल्ला मुख्यतः सांगलीतल्या फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि मंडळाच्या अहवालवाल्या मंडळींसाठी आहे. बाकीच्यांनीही घ्यायला हरकत नाही. ‘धर्माची गाय, दात का गं नाय’ असं जुनी माणसं हिणवून म्हणायची. त्यांनी फुकटचं सॉफ्टवेअर बघितलं नव्हतं. इथे दात मोजणं हा आपला हक्क आहे, आणि एखादा नवा दात उगवला तर तो का उगवला हे विचारणं हाही.

सुरुवात गिंपपासून, म्हणजे फोटो-चित्रं सजवायच्या फुकट सॉफ्टवेअरपासून करा, कारण त्याच्यावर चिडायचा आपला सराव दांडगा आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं. पुढे कैक वर्षं त्याची अवजारं एका खिडकीत, लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, दुसरीत आणि चित्र तिसरीत असायचं. एक पुढे आली की दुसरी मागे दडायची. तेव्हा आपण म्हणत होतो, ‘फोटोशॉपसारखं एका जागी का नाही?’ २०१२ मध्ये २.८ ही आवृत्ती आली आणि सगळं एका जागी ठेवायची सोय झाली. त्या दिवसापासून म्हणायचं, ‘सुटं सुटं होतं तेच बरं होतं.’ सुट्या खिडक्या आजही मिळतात, मेनूतली एक टिक काढायची खोटी. पण तो मेनू उघडू नका. तक्रार संपली तर दुपारी गिऱ्हाईक नसताना करायचं काय?

त्याच २.८ मध्ये दुसरा मोठा ऐवज आपल्या हाती लागला. कंट्रोल-एस दाबलं की फाइल फक्त गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफमध्येच सेव्ह व्हायला लागली. जेपीजी हवी तर वेगळं एक्स्पोर्ट. यावर कसं बोलावं याचा नमुना देतो.

‘अण्णा, जेपीजी सेव्ह हुईना.’

‘हुईना म्हंजे? काल हुत हुती की.’

‘एक्स्पोर्ट करा म्हणतंय.’

‘एक्स्पोर्ट? आपण काय बेदाणा धाडतोय व्हय दुबईला?’

संवाद इथेच थांबवा. पुढे गेलात तर पोरगं सांगेल की एक्ससीएफमध्ये सगळे लेअर सुटे राहतात आणि जेपीजीत सगळं एकत्र थापलं जातं. मग तुम्हाला आठवेल की गेल्या वर्षीच्या वाढदिवसाचा बॅनर जेपीजीतच ठेवला होता. यंदा नेते तेच, शुभेच्छा त्याच, खालच्या रांगेतले दोन कार्यकर्ते मात्र दुसऱ्या गटात गेलेले. त्यांची तोंडं खोडून नवी बसवताना मागचा सोनेरी किल्लाही खरवडला गेला आणि रात्रीचे दोन वाजले. हे आठवू देऊ नका. आठवलंच तर मशीन स्लो आहे म्हणा.

(एका बाबतीत तुमचं खरं आहे. एक्स्पोर्ट करूनसुद्धा फाइल बंद करताना ‘बदल सेव्ह केलेले नाहीत’ म्हणून अडवायचं, ते घाईच्या माणसाला खरोखर जाचक होतं. पण खऱ्या तक्रारीत मजा नसते. ती नीट लिहावी लागते: आवृत्ती कोणती, काय दाबलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. एवढं लिहिताना राग निवतो.)

चिन्हांचंही तसंच. २०१८ मध्ये २.१० आली, पडदा काळपट झाला आणि रंगीत चिन्हांच्या जागी एकरंगी चिन्हं आली. लांबून बघितलं तर सगळी सारखीच दिसतात, हे मलाही पटतं. रंगीत चिन्हं सेटिंगमध्ये जाऊन परत आणता येतात. २०२० मध्ये सारख्या कामाची अवजारं एकाच बटणामागे गोळा झाली, तीही तिथूनच पुन्हा सुटी करता येतात. सेटिंगमध्ये जाणं हा आपला पराभव आहे, एवढं ध्यानात ठेवा. लोगो-रेखाचित्रं काढायच्या इंकस्केपचं १.० हे २०२० मध्ये आलं आणि मोजमापाचा शून्याचा बिंदू पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून उचलून वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला गेला. तोही परत खाली नेता येतो. नेऊ नका.

बंगल्याचं थ्रीडी एलिव्हेशन करणाऱ्यांना ब्लेंडर आहेच. त्यात वस्तू निवडायची तर उजवं बटण दाबावं लागे. नवं माणूस पहिल्याच दिवशी वैतागायचं: जगात सगळं डाव्या बटणाने निवडतात, यांचंच का उलटं? जुलै २०१९ मध्ये २.८० आली आणि डावं बटण रीतसर झालं. आता म्हणायचं, ‘उजव्याची सवय झालती, परंपरा मोडली.’ खरं तर पहिल्यांदा उघडताना ते स्वतःच विचारतं, डावं हवं की उजवं? ती चौकट न वाचता पुढे जा आणि मग चिडा. ‘२.७९ सारखं काही नाही’ हे आधीच्या आवृत्तीचं वाक्य पाठ करून ठेवा. २.७९ चा तोंडवळा ज्या २.५ मालिकेतून आला, ती २००९ मध्ये पहिल्यांदा दिसली तेव्हाही जुनं मोडल्याची ओरड झालीच होती, हे समोरच्याला ठाऊक नसेल अशी आशा धरा.

तुलना नेहमी महागड्या सॉफ्टवेअरशी करा, आणि तुमच्याकडे ते क्रॅक करून पेन ड्राइव्हवर आलेलं आहे हे सांगू नका. क्रॅकवाल्याला कधी राग येत नाही, कारण त्याच्याकडे कधी काही बदलतच नाही. छपाईची पानं जुळवायचं २००१ चं पेजमेकर ७ अजून मनोभावे चालवणारी दुकानं आहेतच. २०१८ च्या शेवटी फोटोशॉपमध्ये शिफ्ट न दाबताच चित्र प्रमाणात लहान-मोठं व्हायला लागलं, आणि पैसे भरणारेही आपल्याइतकेच भडकले. तेव्हा आपण भडकलो नाही, कारण आपलं फोटोशॉप त्याच्या कितीतरी आधीचं.

पैशाचा विषय निघाला तर गणपतीच्या बैठकीतला अनुभव कामाला येतो: वर्गणी न देणाऱ्याने मांडवाच्या रंगावर सगळ्यांत आधी बोलावं. ब्लेंडरचा कोड २००२ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला तो लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवले म्हणून. त्या पावतीपुस्तकात आपलं नाव नाही. त्यामुळे तर आपण निःपक्षपाती.

तरीही कुणी ऐकलं नाही, तर चूल वेगळी मांडायची धमकी द्या. कोड खुला असल्यामुळे मांडताही येते. गिंपपासून २०१९ मध्ये ‘ग्लिम्प्स’ नावाची अशी एक चूल निघाली, मुख्यतः ‘गिंप’ या नावाच्या वादावरून (इंग्रजीत तो शब्द हिणवणारा समजला जातो). २०२१ मध्ये ती विझली. काम करायला पुरेसे हात मिळाले नाहीत. धमकी देणं हेच खरं काम, पुढचं पुढे.

मार्च २०२५ मध्ये गिंपचं ३.० आलंय. फिल्टर लावल्यावर तो नंतरही बदलता येतो, आणि अक्षरं अक्षरंच ठेवून त्यांना किनार देता येते. म्हणजे पिवळ्या अक्षरांना लाल आउटलाइन, जिच्यावर अख्ख्या सांगलीचा फ्लेक्स उभा आहे, तीसुद्धा. वर्षानुवर्षं हेच मागत होतो. म्हणून या दोन गोष्टींबद्दल चकार शब्द काढू नका, चिन्हांवर बोला.

आणि दुकानातल्या पोराने विचारलंच, ‘अण्णा, मग नेमकं कसं पायजे तुमास्नी?’ तर एकच उत्तर द्या: ‘आधी हुतं तसं.’ कुठल्या आधी, ते सांगू नका. २.८ च्या आधी म्हणालात तर तिन्ही खिडक्या परत येतील.