पेट्रोलचा वास ही आमची चूक, तेलाचा थेंब नव्हे

नमस्कार. तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. आम्ही दुरुस्त करून विकलेल्या १९७४ च्या फोक्सवॅगन टाईप २ कॅम्परबद्दल (आत राहण्याची सोय असलेल्या व्हॅनबद्दल) तुमच्या तक्रारी अशा: इंजिनाकडून पेट्रोलचा वास येतो, उभ्या गाडीखाली तेल पडतं, चढावर इंजिन तापतं, उचलायच्या छपरातून पाणी आत येतं, फ्रिजमुळे एका रात्रीत बॅटरी बसते आणि पाच महिन्यांत पुढच्या काचेखाली रंगाला फुगे आले. ‘रंग मारून भंगार गळ्यात मारलं’, असं शेवटी लिहिलंत. यातलं बरंच मान्य आहे, सगळं नाही. मूळ गाडीची घडणच जशी आहे त्याला आमचा इलाज नाही. पण जिथे आम्ही मूळ रचना बदलली तिथे काही बिघडलं तर ते आमचंच.

आधी पेट्रोल. वासाचा उगम सापडेपर्यंत गाडी सुरू करू नका. मूळ एका कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) जागी आम्ही दोन बसवले. त्यामुळे पेट्रोलची नळी टी-जोडाने दोन्हीकडे फुटते आणि इंजिनाच्या कप्प्यात रबरी नळी व क्लिपांचे सांधे वाढतात. तुमच्या फोटोत दोन गोष्टी दिसतात. लोखंडी पाइपवर नळी किंचित सैल आहे आणि स्क्रूची क्लिप जास्त आवळल्याने रबराला घडी पडली आहे. सांधा पाझरतो तो तिथूनच. शिवाय पेट्रोलचा फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या, वर लोंबकळतोय. त्याच्या वजनाने नळी निसटली तर पेट्रोल थेट ठिणगीवर. दोन्ही कामं आमची, दोन्ही चुकलेली.

दुरुस्ती अशी: पाइपच्या मापाची, आर ९ शिक्का असलेली (इथेनॉल सोसणारी) नळी, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या कापडी वेष्टणाच्या नळीला आतून खातं आणि बाहेरून ती ठणठणीत दिसत राहते. गोल कडांच्या क्लिपा. फिल्टर इंजिनाच्या कप्प्याबाहेर, टाकी आणि पंपाच्या मध्ये. अशा जोडीला पेट्रोलचा दाब साधारण ३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) पुरतो. जास्त झाला तर कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई बसत नाही आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. पंपाखाली गॅस्केटची जाडी वाढवली की दाब उतरतो. ते गेज लावून करू. टाकी भरल्यानंतर वास येत असेल तर मात्र दोष टाकीच्या गळ्याच्या किंवा हवेच्या नळ्यांत असतो. तिथे हात पोचायला इंजिन उतरवावं लागतं, म्हणूनच बहुतेक ठिकाणी त्या तशाच राहतात. आम्ही त्याही बदलू.

तेलाबद्दल मात्र आम्ही ठाम आहोत. या १६०० इंजिनात अडीच लिटर तेल, आठ पुशरॉड नळ्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांभोवतीच्या) आणि त्यांना सोळा रबरी सील. रात्रभरात दोन-चार थेंब पडले म्हणून ते इंजिन खराब ठरत नाही. डिपस्टिकवरची पातळी दोन खुणांच्या मध्ये टिकते का, ते बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून धार लागली तर फ्लायव्हीलचं सील गेलं असेल. तेलाला उग्र वास असेल तर ते गिअरबॉक्सचं. तुमच्या फोटोत मात्र तळाच्या गाळणीची प्लेट वाकलेली दिसते. तिचे सहा नट फक्त ७ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. गळतंय म्हणून कुणीतरी जोर लावला, प्लेट वाकली आणि गळती वाढली. दोन्ही गॅस्केट, तांब्याचे सहाही वॉशर आणि प्लेट नवी लावा. सिलिकॉन नको; त्याचे तुकडे गाळणीत जाऊन बसतात. मूळ इंजिनाला वेगळा ऑइल फिल्टर नाही, फक्त ही जाळी आहे, तेव्हा दर ५००० किलोमीटरला तेल बदलणं आणि जाळी धुणं चुकवू नका.

इंजिन तापण्यात आपला दोघांचाही वाटा आहे. हे इंजिन हवेवर थंड होतं आणि पंखा बेल्टवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो. चढावर चौथ्या गिअरमध्ये कण्हत नेली की उष्णता जास्त आणि हवा कमी. वेग पडू लागला की लगेच तिसरा, गरज पडली तर दुसरा टाका. आवाज वाढला तरी इंजिन थंड राहतं. ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही असंही तुम्ही म्हटलंय. ८५-९० हाच तिचा लांबच्या प्रवासाचा वेग आहे, ट्यूनिंगने तो बदलणार नाही.

आता आमची बाजू. इंजिनाभोवतीच्या पत्र्याच्या कडेची रबरी पट्टी तुमच्या फोटोत मागच्या बाजूला नाही. ती नसली की खालची गरम हवा पुन्हा वर येते आणि पंखा तीच ओढतो. स्वस्तातला भाग आहे, आम्ही विसरलो. टायमिंगचीही, म्हणजे ठिणगी कधी पडते त्याचीही, शंका आहे. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ठिणगीची वेळ न बदलणारा डिस्ट्रिब्युटर आम्ही बसवला. त्याचं टायमिंग आयडलिंगवर नव्हे, ३००० आरपीएमच्या वर, जास्तीत जास्त ३० अंशांच्या आसपास बघून लावायचं. आयडलिंगवर ‘बरोबर’ लावलेली गाडी वरच्या फेऱ्यांत जास्त ॲडव्हान्स होऊ शकते, म्हणजे ठिणगी फार आधी पडते, आणि तापते. तुमच्या मेकॅनिकने नंतर हात लावला असेल तर हे त्याला दाखवा. टॅपेटची (व्हॉल्व्हजवळची) फट इंजिन पूर्ण थंड असताना लावायची, ०.१५ मिमी.

छपराचा कॅनव्हास सुती आहे. नव्या सुती कापडात शिवणीच्या भोकांतून पाणी येतं. एकदा चिंब भिजवून वाळवला की दोरा फुगतो आणि भोकं बंद होतात. हे ताबा देण्यापूर्वी आम्ही करायला हवं होतं. तरीही गळलं तर सोलर पॅनेलची केबल आत येते तिथला ग्लँड (केबलभोवतीचं सील) तपासा. पाण्याची नळी खालून वर न्या, प्रत्येक उंचीवर पाच मिनिटं, आत एकजण टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केलीत तर पाणी कुठूनही ओघळतं आणि भलताच सांधा दोषी ठरतो. आणि ओला कॅनव्हास मिटून ठेवू नका, बुरशी धरते.

बॅटरीचं गणित मांडतो. १०० अँपिअर-तासांची एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरी, तिच्यातले ५० वापरायचे. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४ अँपिअर घेतो आणि निम्मा वेळ चालतो, म्हणजे दहा तासांत २०. एका रात्रीत बॅटरी बसायला नको होती. ती बसते याचा अर्थ ती कधी पूर्ण भरतच नव्हती. आम्ही अल्टरनेटरकडून ६ चौरस मिमीची तार टाकली. जाऊन-येऊन सहा मीटर तारेत ३० अँपिअरला अर्धा व्होल्ट पडतो. चार्जिंगमध्ये अर्धा व्होल्ट म्हणजे बरंच काही. १६ चौरस मिमीच्या तारेत तोच ०.२ च्या खाली येतो. तार बदलून दोन्ही टोकांना, बॅटरीजवळच, फ्यूज देऊ. बॅटरी मेली का हे ओळखायला: पूर्ण चार्ज करून तीन तास काही न चालवता ठेवा. १२.७ व्होल्टच्या वर असेल तर जिवंत आहे, १२.२ वर घसरली तर ती गेली, नवी आमच्याकडून. मात्र उभ्या गाडीत सावलीत दोन दिवस फ्रिज चालवायचा असेल तर ही बॅटरी पुरणार नाही.

राहिला गंज, आणि इथे आम्हाला बोलायला तोंड नाही. काचेच्या खालच्या कोपऱ्यात रबराखाली पाणी साचतं आणि पत्रा आतून सडतो, हे या गाड्यांचं सर्वांना ठाऊक असलेलं दुखणं. रॉकर पॅनेल (दारांखालचा पत्रा), जॅक लावायच्या जागा आणि चॅसीचे आडवे आधार आम्ही कापून नव्या पत्र्याने वेल्ड केले. ते पक्कं आहे, रंगाची जाडी मोजणारं गेज लावून बघा. मूळ रंगाची जाडी १००-१५० मायक्रॉन असते, १००० च्या वर आकडा आला की समजा आत पुट्टी आहे. पण पुढची काच न काढता आम्ही तिच्या कडेने रंग मारला आणि जाहिरातीत ‘संपूर्ण रिस्टोअर’ लिहिलं. ते खोटं ठरलं. यापुढच्या जाहिरातीत कापलेल्या आणि न उघडलेल्या जागांची यादी असेल. तुमच्या गाडीची काच काढून, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापून, तुकडा वेल्ड करून, दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर आणि नवं रबर, एवढं करू. नुसता फुगा घासून रंग लावून घेऊ नका. काही महिन्यांत पुन्हा वर येईल.

नळ्या, रबरी पट्टी, तार, छप्पर आणि काचेचं काम आमच्या खर्चाने. गाडी परत घ्या म्हणालात; ही कामं झाल्यावर २०० किलोमीटर चालवून बघा, तरीही नको असेल तर परत घेऊ. ती चालवत आणू नका. उचलून न्यायला वाहन आम्ही पाठवतो. बॅटरीची निगेटिव्ह तार आत्ताच काढून ठेवा आणि टाकीत नवं पेट्रोल भरू नका, नळ्या काढण्यापूर्वी ती रिकामीच करायची आहे.