फसवलेल्याला गप्प करू नका

सर्व बंधू-भगिनींना सलाम.

आपल्यात कुणी कुणाला फसवलं की बोलणं ठरलेलं असतं: क्षमा करा, विसरून जा, देवावर सोडा. हे सांगायला लोक जातात ते फसवल्या गेलेल्याच्या घरी. ज्यानं फसवलं त्याच्या दारात कुणी जात नाही. ह्या सवयीपायी चांगली माणसं मंडळीपासून, म्हणजे आपल्या चर्चपासून, आणि पुढे देवापासूनही तुटताना मी बघितली आहेत, म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरातलंच सांगते. त्या माणसाचं किंवा मंडळीचं नाव घेणार नाही. पप्पा शिक्षक होते. मंडळीतल्या एका भावाला पतसंस्थेचं कर्ज हवं होतं, पप्पा जामीन राहिले. उद्यमनगरात त्याचं लहानसं मशीन शॉप होतं, कामं मिळत होती, शंका घ्यावी असं काही नव्हतं. मग हप्ते थकले, फोन बंद झाला, आणि एक दिवस कळलं की मशिनं विकून तो गाव सोडून गेला. नोटिसा पप्पांच्या नावावर यायला लागल्या. रिटायर होताना हातात आलेल्या पैशातला मोठा वाटा त्यात गेला, आईच्या पाटल्या गेल्या.

पैसे गेल्याचं दुःख होतंच. पण पप्पा आतून खचले ते दुसऱ्या गोष्टीनं. हा माणूस त्यांच्या शेजारी बसून प्रभुभोजन घ्यायचा. नाताळात गायन मंडळीबरोबर आमच्या दारात गायचा, आईच्या हातच्या करंज्या खाऊन जायचा. ५५ व्या स्तोत्रात दावीद हेच म्हणतो ना, शत्रूनं निंदा केली असती तर सोसली असती, पण तू तर माझा सोबती, आपण मिळून देवाच्या घरात जात होतो. शेजारच्या काकूंनी एकदा सहज विचारलं, "तुमच्याच चर्चातला हुता न्हवं त्यो?" पप्पा काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत.

वडीलमंडळींपैकी, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी, काही जण घरी आले. प्रार्थना केली, आणि एकानं नीतिसूत्रं उघडून जामीन राहणाऱ्याचं कसं वाईट होतं ते वाचून दाखवलं. वचन खरंच आहे, पण ती वेळ ते वाचायची होती का? सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. तोंड उघडल्यावर चुकले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही.

दुसऱ्या एकानं सांगितलं, येशूनं यहूदाचेसुद्धा पाय धुतले. धुतले, खरंच धुतले. पण योहानाचा १३ वा अध्याय पुढे वाचा. त्याच भोजनाच्या वेळी तो आत्म्यात व्याकूळ झाला आणि सगळ्यांसमोर बोलला की तुमच्यातलाच एक जण मला धरून देईल. पाय धुणाऱ्या प्रभूनं दगा झाकून ठेवला नाही.

मला ह्या बाबतीत सगळ्यात जास्त आधार दिला तो तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायानं. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे, मरण जवळ आलंय हे त्याला ठाऊक आहे, आणि तो नावं घेऊन लिहितो. देमास जगाच्या मोहानं मला सोडून गेला. आलेक्सांद्र तांबटानं माझं फार वाईट केलं, प्रभू त्याची फेड करील, आणि तूही त्याच्यापासून जपून राहा. माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी एकही जण माझ्या बाजूला उभा राहिला नाही, तरी त्याचा हिशेब त्यांच्याकडून घेतला जाऊ नये. आणि मार्काला सोबत घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. हा मार्क म्हणजे जो सुवार्तेच्या प्रवासात पंफुल्यात अर्ध्यातून निघून गेला होता, ज्याच्यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा ह्यांच्यात एवढा तंटा झाला, तोच.

एकाच पानावर किती वेगवेगळी वागणूक आहे बघा. जे भीतीनं पळाले त्यांना माफी, जो सुधारला त्याला परत बोलावणं, आणि ज्यानं मुद्दाम घात केला त्याच्यापासून सावध राहण्याचा इशारा. ह्या सगळ्याच्या मधोमध तो लिहितो की प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. आपण मात्र तिघांसाठी एकच औषध ठेवलंय, आणि ते पाजतो चौथ्यालाच, फसवल्या गेलेल्याला.

ज्यांच्या नावानं कोल्हापुरात चर्च उभं आहे त्या अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेबांचंही असंच. ते १८५२ साली इथं आले. पुढे प्रकृतीमुळे अमेरिकेला परतावं लागलं, आणि ज्या संस्थेनं त्यांना पाठवलं होतं तिनंच कोल्हापूरचं काम पुन्हा सुरू करायला नकार दिला. ते स्वतःच्या हिमतीवर परत आले. संस्थेशी असलेला वाद त्यांनी उघडपणे मांडला आणि इथलं कामही सोडलं नाही. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशननं ते काम आपल्याकडे घेतलं. तक्रार करणारा माणूस अविश्वासू असतो, हे आपल्याला कुणी शिकवलं?

पप्पांनी त्या काळात मंडळीत मोठ्यानं प्रार्थना करणं थांबवलं होतं. घरी संध्याकाळी फक्त स्तोत्रं वाचायचे, ८८ वं तर कितीदा. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलासा वगैरे नाही. तरी ते देवालाच उद्देशून आहे. त्यांचा विश्वास डळमळलाय असं लोक कुजबुजत होते. मला तर त्यांचा विश्वास तेव्हाच सगळ्यात खरा वाटला, कारण द्यायला एकही गोड शब्द उरलेला नसताना हा माणूस रोज देवाच्याचसमोर बसत होता.

आता पाळकसाहेब आणि वडीलमंडळींना माझी कळकळीची विनंती. असं काही घडलं तर आधी फसवणाऱ्याच्या घरी जा. जक्कय ह्या जकातदारानं येशूला घरात घेतलं तेव्हा फक्त रडून दाखवलं नाही, अन्यायानं घेतलेलं चौपट परत देतो म्हणाला, आणि मगच आज ह्या घराला तारण झालं आहे हे शब्द आले. परतफेडीचं बोला, हप्ते ठरवून द्या, कागद करा. पैसे खरोखरच नसतील तर त्यानं निदान समोर येऊन तसं सांगावं. क्षमेचं नंतर बोलू, आणि ती देणारा स्वतः देईल, त्याच्याकडून वदवून घेऊ नका.

पप्पांनी क्षमा केली आहे. आम्ही कुणी मागे लागलो नव्हतो, त्यांना वेळ लागला, तो त्यांनी घेतला. तो माणूस परत आला तर त्याच्या शेजारी बसून प्रभुभोजन घेईन म्हणतात. त्याच्या कर्जाच्या कागदावर सही मात्र पुन्हा करणार नाही, हेही तितक्याच शांतपणे सांगतात.

तुमच्यापैकी कुणी अशाच कारणानं रविवारी यायचं बंद केलं असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. वचनं पाठवणार नाही. ऐकून घेईन, आणि वडीलमंडळींसमोर बोलायचं असेल तर तुमच्याबरोबर येईन.