कॉलेज बास्केटबॉलवाला तो मेसेज आणि ताईची एफडी

काल रात्री ताईचा फोन, एफडी मोडू का विचारायला. भाचा सांगलीत बास्केटबॉल खेळतो, उंची सहा फूट दोन, आणि त्यांच्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी तो सगळीकडे फिरणारा मेसेज टाकलाय: "अमेरिकेतलं प्रत्येक कॉलेज एकेका खेळाडूच्या रिक्रूटिंगवर कोटी रुपये खर्च करतं, त्यांना खेळाडू कमी पडतात, सतनाम सिंग असाच गेला, साडेतीन लाख भरा, स्कॉलरशिप गॅरंटीड, फक्त १२ सीट शिल्लक."

मी इंडियानात राहतो, इथे घराघरात बास्केटबॉल आहे, त्यामुळे हे वाचून डोकंच फिरलं.

"प्रत्येक कॉलेज" हे साफ खोटं. एनसीएए म्हणजे इथली कॉलेज खेळांची संघटना, तिने कॉलेजं वन, टू, थ्री अशा डिव्हिजनमध्ये विभागलीत, वन सगळ्यात वरची. डिव्हिजन थ्रीची शेकडो कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, हार्वर्ड, येलसारखी आयव्ही लीगवालेही देत नाहीत.

आता ते कोटी. कॉलेजांना खेळांचा हिशेब दरवर्षी अमेरिकेच्या शिक्षण खात्याला द्यावा लागतो, १९९४ चा कायदाच आहे तसा, आणि तो हिशेब त्या खात्याच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतो. त्यात रिक्रूटिंगचा, म्हणजे खेळाडू शोधून आणायच्या खर्चाचा, रकाना वेगळा असतो आणि त्यात येतं काय, तर कोचचा विमानप्रवास, हॉटेल, जेवण, फोन, टपाल आणि मुलाला कॅम्पस दाखवायला आणायचा खर्च. स्कॉलरशिपचा रकाना वेगळा. शिवाय हा आकडा मुलग्यांच्या सगळ्या खेळांचा मिळून असतो, त्यातून "एका बास्केटबॉल खेळाडूमागे कोटी" निघतच नाही, मग ह्यांनी काढला कुठून? मोठ्या कॉलेजांचा खर्च प्रचंड असतो हे मान्य, पण तो त्यांच्या प्रवासाचा.

आणि "खेळाडू कमी पडतात"?? अहो, इथे पाच लाखांवर मुलं हायस्कूलच्या टीममध्ये खेळतात. डिव्हिजन वनची कॉलेजं साडेतीनशेच्या वर, प्रत्येकी स्कॉलरशिप २०२५ पर्यंत जास्तीत जास्त १३, २०२५ च्या कोर्टातल्या सेटलमेंटमध्ये सामील कॉलेजांत टीमच जास्तीत जास्त १५ जणांची, आणि त्या जागा सगळ्या वर्षांच्या मिळून. त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आल्यापासून कोच दुसऱ्या कॉलेजातला तयार खेळाडूच आधी बघतात. मी इथल्या जिममध्ये बघितलंय, कॉलेजचा लोगो असलेला टी-शर्ट घालून कोच बेसलाइनला, कोर्टाच्या टोकाशी, खुर्च्या टाकून बसलेले असतात, एनसीएएने फक्त खेळ बघायला ठरवून दिलेल्या त्या काळात मुलाशी बोलायचीही परवानगी नसते, नुसतं दिसायचं की आम्ही आलोय. ह्या नुसत्या दिसण्याचा खर्चसुद्धा कॉलेज करतं. ज्यांना खेळाडू हवाय ती कॉलेजं स्वतःच्या पैशाने येतात, ताईकडे साडेतीन लाख मागत नाहीत. उलट स्कॉलरशिप मिळवून द्यायचे पैसे घेणारा माणूस एनसीएएच्या नियमात एजंट ठरतो आणि त्यापायी पोराची खेळायची पात्रताच जाऊ शकते. म्हणजे पैसे भरून पोराचंच नुकसान!

आणि मेसेजमधला तो सतनाम सिंग, आपला पंजाबचा बास्केटबॉल खेळाडू, कॉलेजकडून खेळलाच नाही. तो फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमीत होता, तिथून २०१५ मध्ये डॅलसच्या टीमने त्याला थेट एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत, घेतलं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो, कॉलेज खेळाडूंना आता खरंच पैसे मिळतात. २०२१ पासून जाहिरातींचे, आणि जून २०२५ च्या कोर्टाच्या सेटलमेंटनंतर कॉलेजही थेट देऊ शकतं, पहिल्या वर्षी मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. पण ती मर्यादा अख्ख्या कॉलेजची, सगळ्या खेळांची, आणि त्याचा ह्या रिक्रूटिंगच्या रकान्याशी संबंध नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या पोराला तर इथे जाहिरातींचं काम करून कमावणं जवळपास अशक्य. २०१७ ला एफबीआयने पकडलेलं कॉलेज बास्केटबॉलमधल्या लाचेचं प्रकरणही लोक ह्यात घुसडतात, पण ते पैसे बूट कंपनीच्या लोकांनी घरच्यांना गुपचूप द्यायचे होते, त्यांना शिक्षाही झाली.

ताईला सांगितलं, कोचचे ईमेल कॉलेजच्या साइटवरच असतात, पूर्ण मॅचचा व्हिडिओ आणि मार्कशीट जोडून भाच्यालाच पाठवू दे, एनसीएएची नोंदणी आपली आपण करता येते. रविवारी मी त्याच्यासोबत कॉलवर बसतोय. एफडी आहे तिथेच राहू दे.