बक्षीस कान्सला, खेळ मंगळवारी सकाळी

जळगाव-धुळ्याकडे परदेशी पिक्चर लागत नाहीत असं कोण म्हणतं? लागतात की. न्यूयॉर्कचा पोलीस त्यात अस्खलित हिंदीत शिव्या देतो आणि शेवटी एखादी उंच इमारत कोसळते. कोरियन, इराणी, फ्रेंच मंडळी मात्र खान्देशची वेस ओलांडत नाहीत. तक्रार तरी कुठल्या तोंडाने करावी? ऑस्कर १९२९ पासून वाटतात, पण बिगरइंग्रजी पिक्चरला ‘सर्वोत्कृष्ट’ म्हणायला त्यांनाही २०२० उजाडलं.

पूर्वी निदान सबब भक्कम होती. ३५ मिलिमीटरचं हजार फुटी रीळ अकरा मिनिटांत संपायचं. दोन तासांच्या पिक्चरला अकरा रिळं, म्हणजे पत्र्याच्या पेट्या, हमाली आणि पार्सल ऑफिस. आता अख्खा पिक्चर एका हार्ड डिस्कवर येतो. फक्त त्याला कुलूप असतं. किल्ली ईमेलने येते, एकाच पडद्याच्या एकाच सर्व्हरला (पिक्चर चालवणाऱ्या यंत्राला) लागते, तीही ठरल्या तारखेपासून ठरल्या तासापर्यंत. मध्येच सर्व्हर बदलला आणि कळवायचं राहिलं, की डिस्क हजर, ऑपरेटर हजर, प्रेक्षक (दोन्ही) हजर, आणि पडदा काळा.

तरी किल्लीचं दुखणं किरकोळ. खरं दुखणं गल्ल्यात आहे. दोनशे खुर्च्यांत आठ माणसं, तिकीट १५० रुपये: झाले १२००. अठरा टक्के जीएसटी वजा जाता उरले १०१७. पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे वितरकाचे. थिएटरच्या हातात पाचशे आठ, त्यात एसी, प्रोजेक्टरचा दिवा, झाडू आणि डोअरकीपर. कसर पॉपकॉर्नने भरून काढावी, तर सबटायटल वाचणारा माणूस खात नाही. खाली पाहिलं की वाक्य गेलं! म्हणून मॅनेजर कान्स महोत्सवातल्या बक्षीसवाल्या पिक्चरला मंगळवारी सकाळी साडेनऊचा खेळ देतो, कोणी येत नाही, आणि ‘आपल्याकडे चालत नाहीत हो’ हे सिद्ध होतं. मी त्याला दोष देत नाही. साडेनऊला मात्र देतो.

आणि गंमत बघा, वितरक-प्रदर्शकांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनची मुख्य कचेरी कुठे, तर भुसावळला. राजस्थानापर्यंतचा कारभार आपल्या जंक्शनावरून चालतो.

समजा, लागलाच. तर जागा निवडताना डोकं वापरावं, कारण पुढच्याचं डोकं आडवं येणार आहे. जुन्या टॉकीजच्या जमिनीला उतार बेताचा आणि सबटायटल तळाशी, दोन ओळींत. पुढे टोपीवाले आजोबा बसले की खालची ओळ टोपीत गेली. पहिल्या चार रांगांत बसलं तर मान टेनिसच्या पंचासारखी हलते. मागून तिसरी-चौथी रांग, मधल्या वाटेकडची खुर्ची उत्तम. शेजारी कोणाला आणू नये. आणलंच तर ‘काय म्हनी ऱ्हायना रे तो?’ याचं उत्तर देण्यात पुढची तीन वाक्यं जातात, शिवाय सबटायटल इंग्रजीत, म्हणजे भाषांतरही तुमच्याच गळ्यात.

सगळ्यात मोठा घोळ फ्रेमचा. पिक्चर ‘फ्लॅट’, म्हणजे रुंदी उंचीच्या १.८५ पट, आणि प्रोजेक्टरवर सेटिंग लागलं २.३९ पट रुंद ‘स्कोप’चं, की वरून नायकाचं कपाळ आणि खालून सगळी अक्षरं पडद्याबाहेर. नावं पडत असतानाच अक्षरं अर्धवट दिसली तर लगेच उठावं, प्रोजेक्टरचं केबिन गाठावं आणि ‘फ्लॅटवर घ्या’ एवढंच सांगावं. वाटेत डोअरकीपर अडवतोच. खालचं दिसत नाही म्हटलं, की तो कान देऊन ऐकतो आणि विचारतो, ‘‘आवाज तं ई ऱ्हायना ना भाऊ?’’