तिसरा हात

बुलेटचा सिलिंडर बसवायला तीन हात लागतात आणि देवाने दिलेत दोनच. तिसरा परळमध्ये सहज मिळेल असं वाटतं खरं, पण आमच्या बिल्डिंगमध्ये हात मागितला की तोंडं येतात.

गाडी मामाची. १९७३ची, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ७० मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ९०; एकूण ३४६ सीसी. मामा गेल्यावर ती आमच्या जिन्याखाली येऊन उभी राहिली आणि बिल्डिंगने तिला आपलं मानलं. तिच्यावर छत्र्या वाळल्या, हँडलला पिशव्या लटकल्या, एका वर्षी गणपतीच्या मंडपाचे बांबूही टेकले. पुढे २०२१मध्ये केंद्र सरकारने नियम काढला की ५० वर्षांवरची गाडी विंटेज, आणि तिची नवी नोंदणी करायची तर फी २०,००० रुपये. इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशीही अट त्यात आहे. ती वाचून मी निर्धास्त झालो. मामाने इंजिनात फेरफार एकच केला होता, त्यात तेल घालणं बंद केलं होतं.

तर इंजिन खोललं. भायखळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये सिलिंडरचा बोअर वीस थावने, म्हणजे इंचाच्या वीस हजारांश भागाने, मोठा करून घेतला, त्याच मापाचा ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा घेतल्या, आणि ते बिडाचं धूड मांडीवर घेऊन लोकलमध्ये बसलो. भायखळा ते परळ, मध्ये स्टेशनं दोन. तेवढ्यात समोरच्या गृहस्थांनी पिशवीत डोकावून विचारलं, "बुलेट ना? कितवा बोअर?" चिंचपोकळीला त्यांनी माझा पिस्टन चुकीच्या दुकानातून घेतला असल्याचं जाहीर केलं, आणि करी रोडला त्यांच्या मेव्हण्याने अशीच गाडी शेवटी कशी भंगारात घातली ते सांगितलं. परळला मी उतरलो तेव्हा डब्यातले तिघेजण हळहळत होते.

दिवस जुलैचे. ताजा होन केलेला, म्हणजे आतून घासून काढलेला, बिडाचा बोअर मुंबईच्या पावसाळी हवेत रात्रभर उघडा ठेवला की सकाळी त्यावर विटकरी रंगाचा थर असतो. म्हणून त्याला आतून तेल फासलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि घरातल्या सर्वांत कोरड्या जागी, म्हणजे बायकोच्या शालूंच्या कपाटात ठेवलं. त्यावर तिने जे म्हटलं ते लिहिण्याजोगं नाही. पण ते एकाच वाक्यात आटोपलं, हे तिच्याबद्दल आदराने नमूद करतो.

दुसऱ्या दिवशी तिला पातेलंही मागायचं होतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्याला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी गजन पिन पोलादाची. गरम झालं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे पिस्टन उकळत्या पाण्यातून काढला की पिन अंगठ्याने आत सरकते, हातोडी लागत नाही. हे शास्त्र मी तिला व्यवस्थित समजावून सांगितलं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि दुधाचं सोडून कुठलंही घ्या म्हणाली.

पिन बसली की दोन्ही टोकांना तारेची लॉक लावायची. नखाएवढी वस्तू, पण अंगात इतका ताण की पक्कडीतून सुटली तर शेजारच्या बिल्डिंगमध्ये सापडावी. तिथे गेली तर नशीब समजायचं, कारण ती क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, उघड्या तोंडात पडली तर खालचं अख्खं इंजिन दुभंगवावं लागतं. म्हणून त्या तोंडात आधी जुनी बनियन कोंबली. अनेक वर्षांत त्या बनियनला प्रथमच एवढी जबाबदारी मिळाली.

मग क्रँककेसच्या कडेचं जुनं पॅकिंग, म्हणजे सिलिंडरखाली तेल अडवणारा कागद, खरवडायला बसलो. लेख यावरच लिहायला हवा होता. मामाच्या प्रत्येक मेकॅनिकने आपला एक थर मागे ठेवला होता. वर पांढरा, त्याखाली हिरवा, मग शेलॅक म्हणजे लाखेचा थर, आणि तळाशी तपकिरी काहीतरी, ते बहुधा मूळ कागद असावं. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच तेल गळणार, म्हणून स्क्रू ड्रायव्हर वर्ज्य. जुन्या प्लास्टिक पट्टीने आणि रॉकेलच्या बोळ्याने घासत राहायचं. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबायचा. "नवीनच का नाही घेत?" असं विचारून उत्तर न ऐकता पुढे जायचा.

सिलिंडर बसवायच्या रविवारी मात्र सगळे थांबले. काम वर्णनाला सोपं आहे. पिस्टनला तीन रिंगा. प्रत्येक रिंग एका जागी तुटलेली असते, त्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, १२० अंशांवर फिरवून ठेवायच्या, नाहीतर दाब सरळ खाली निसटतो. मग सिलिंडर स्टडवरून खाली उतरवत एकेक रिंग बोटांनी दाबून आत घ्यायची. तान्ह्या पोराला झबलं घालताना तो एक हात आत घेतो तोवर दुसरा बाहेर काढतो, तशा या रिंगा. त्यात त्याही बिडाच्याच, तिरकं दाबलं की कट्कन मोडतात. सिलिंडर पेलायला दोन हात आणि रिंगा दाबायला निदान एक. तळमजल्यावरच्या मुलाला बोलावलं, तर त्याचा एक हात शूटिंगमध्ये गुंतलेला. दुसरा त्याने दिला, पण बघत होता स्क्रीनकडे. बाकीच्यांनी सल्ले दिले. दोन पॅकिंगं घाला, एम-सील लावा, माझा भाचा डोंबिवलीला आहे.

इतक्यात चौथ्या मजल्यावरचे काका उतरले. १९८२च्या संपाआधी ते लालबागच्या एका गिरणीत फिटर होते. बिल्डिंगमध्ये यंत्रांविषयी न बोलणारा हा एकच माणूस.

"हात कशाला पाहिजे? फळ्या आण."

दोन लाकडी पट्ट्या क्रँककेसच्या तोंडावर आडव्या ठेवल्या, पिस्टन त्यांवर टेकवला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून रिंगांभोवती गुंडाळला आणि होज क्लिपने आवळला. मी दोन हातांनी सिलिंडर खाली सोडला, पत्रा हळूहळू घसरत गेला आणि रिंगा बिनतक्रार आत. तळमजल्यावरच्या मुलाचं शूटिंग तेवढ्यात संपलं होतं.

पॅकिंगला मी नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली सीलंटची ट्यूब पुढे केली. काकांनी हातावर बाजरीच्या दाण्याएवढं घेतलं आणि ट्यूब स्वतःच्या खिशात टाकली. "बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं ना, तेवढंच आत पण गेलेलं असतं. ते सुटून तेलाच्या वाटेत बसतं." दोन पॅकिंगांची सूचनाही बाद झाली. कागदाचं काम दोन धातूंमधल्या बारीक खाचा भरायचं. दोन घातले की सिलिंडर तेवढा वर उचलला जातो आणि कॉम्प्रेशन उतरतं. रॉकरला तेल नेणाऱ्या नळीचे तांब्याचे जुने वायसर मी फेकणार होतो. ते त्यांनी आमच्याच गॅसवर लाल होईस्तोवर तापवून थंड केले, आणि कडक झालेलं तांबं पुन्हा मऊ पडलं. बायकोने त्यांना चहा दिला. मला नाही.

हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. पाना माझ्या हातात होता आणि मागे कोरस, "अजून एक आटा! अजून थोडं!" काकांनी पाना काढून घेतला. इंजिन एकदा तापून निवल्यावर पुन्हा बघू म्हणाले आणि जेवायला गेले.

डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका, दाबून ॲमीटरचा काटा मध्यावर आणला, किक मारली. गाडी सुरू झाली. सगळ्यांनी वाकून खालचा पुठ्ठा पाहिला. कोरडा. मंडळी जरा नाराज झाली. दोघांनी मोबाइलचा टॉर्चही मारून पाहिला.

त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात. जिन्याखालच्या तेलाच्या डागांबद्दल मला नोटीस देणारे ते हेच. "तुम्ही पॅकिंगचं करता म्हणे? खाली पाण्याचा पंप गळतोय, जरा बघता का?" मी काकांना घेऊन गेलो. त्यांनी पंपाच्या दांड्याजवळ बोट धरलं, थोडा वेळ थेंब मोजले आणि सांगितलं की ही ग्लँडची, म्हणजे दांड्याभोवती कोंबलेली, दोरी आहे, तिथून थेंब थेंब पाणी यायलाच हवं. त्यानेच दांडा थंड राहतो. पूर्ण आवळलं तर जळेल.

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुमची गळत नाही, ते बरोबर आहे ना?"